मास्टर सिलेंडर दोनदा बदलला, तरी ब्रेक का जातो?

पत्राचा सारांश: वाचक ताईंकडे त्यांच्या वडिलांची २६ वर्षांची फोर बाय फोर आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस नाही. तीन वर्षांपूर्वी सस्पेन्शन दोन इंच उचलून टायर मोठे केले. गेल्या वर्षभरात ब्रेक तीनदा फेल झाला. पहिल्यांदा पाच माणसं आणि सामान घेऊन लांबलचक घाट उतरताना पेडल मऊ पडत गेलं आणि शेवटी तळाला टेकलं. हँडब्रेक आणि खालचा गिअर वापरून गाडी कशीबशी थांबली. पाऊण तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं झालं. मेकॅनिकने मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग, बदलला. चार महिन्यांनी ओढा ओलांडून आल्यावर ब्रेक लागेना. पेडल घट्ट होतं, पण गाडी थांबत नव्हती आणि डावीकडे ओढत होती. ब्रेक ऑइलमधली हवा काढली, आणि 'आधीचा पार्ट खराब निघाला' म्हणून मास्टर सिलेंडर पुन्हा बदलला. तिसरी वेळ गेल्या महिन्यातली. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना पेडल हळूहळू वर येऊन दगडासारखं झालं, गाडी जड ओढू लागली, करपट वास आला आणि पुढच्या छोट्याशा उतारावर पेडल एकदम खाली गेलं. मेकॅनिक म्हणतो, तिसऱ्यांदा चांगल्या कंपनीचा मास्टर सिलेंडर टाकू. थोरले भाऊ म्हणतात, गाडी विकून टाक. ताईंचा प्रश्न: मास्टर सिलेंडर कोणत्या कंपनीचा घ्यावा, की दादाचं ऐकावं? ताजा कलम: 'उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळा तेलकट ओघळ दिसतो. त्याचा काही संबंध असेल का?'

ताई, नमस्कार.

आधी एक विनंती. कारण सापडेपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका. गॅरेजलासुद्धा टोचनच्या गाडीवर चढवून न्या. सकाळी पेडल घट्ट लागलं म्हणजे आज ठीक आहे, असं समजू नका. तिन्ही दिवशी घरातून निघताना पेडल चांगलंच होतं, हे तुम्हीच लिहिलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, म्हणजे एखाद्या कंपनीचं नाव, मी देणार नाही. तुमचं वर्णन वाचून मला मास्टर सिलेंडरवर पहिला संशय येतच नाही. तुम्ही तीन घटना एकाच आजाराचे तीन झटके म्हणून मोजल्या आहेत. मेकॅनिकनेही तेच केलं. पण पहिल्या वेळी पेडल मऊ पडून खाली गेलं, दुसऱ्या वेळी पेडल घट्ट असून गाडी थांबली नाही, आणि तिसऱ्या वेळी पेडल आधी वर येऊन कडक झालं, मग खाली गेलं. 'ब्रेक फेल' हे सांगायला सोपं नाव आहे, पण या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि माझ्या मते त्यांची कारणंही तीन आहेत. तिसरं कारण तर बहुधा दुरुस्तीतूनच आलं आहे.

पहिल्या घटनेपासून सुरुवात करू. दोन टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ ९८ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साधारण २९ लिटर गार पाणी उकळेल. इंजिन आणि हवा यातला काही वाटा उचलतात. पण गाडी वरच्या गिअरमध्ये असेल आणि पाय पूर्ण घाटभर ब्रेकवर असेल, तर बहुतेक उष्णता डिस्क आणि ड्रममध्येच जाते. तिथून ती पॅड आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, आणि डॉट ४ साठी तो २३० अंश आहे. हे ऑइल मात्र हवेतली ओल शोषत राहतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उकळलेल्या ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचत नाही. ऑइल थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल परत येतं. तुमचं पेडल पाऊण तासाने 'आपोआप' बरं झालं ते याच कारणाने. मास्टर सिलेंडरमधला फाटलेला रबरी वॉशर पाऊण तासात सांधत नाही.

मास्टर सिलेंडर बदलला तेव्हा ऑइलही नवं भरलं, असं तुम्हाला सांगितलं गेलं असणार. मास्टर सिलेंडरवरच्या ऑइलच्या डबीत नवं ऑइल नक्कीच गेलं. पण सगळ्यात जास्त तापतं ते कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं ऑइल, आणि ते जुनंच राहिलेलं असू शकतं. चारही चाकांपाशी ऑइल-हवा काढायला असलेल्या निप्पलमधून जुनं ऑइल पूर्ण निघून स्वच्छ ऑइल येईपर्यंत ते बाहेर काढावं लागतं. साधारणपणे दर दोन वर्षांनी हे काम करायचं असतं आणि बहुतेकांच्या हातून ते राहून जातं.

दुसऱ्या घटनेकडे जाताना मी आधी तुमचा ताजा कलम घेतो. संपूर्ण पत्रात मला सर्वात मोलाची वाटलेली ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती संकोचत शेवटी लिहिलीत. पेडल घट्ट असेल तर दाब तयार होतो आहे. तरीही गाडी थांबत नसेल, तर दोष घर्षणात शोधायचा, म्हणजे लायनर (ड्रमला आतून घासणारा थर), ड्रम, पॅड आणि डिस्क यांच्यात. ओढ्याचं पाणी ड्रममध्ये शिरलं की थोडा वेळ ब्रेक लागत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर सपाट जागी हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवलं की लायनर सुकतात. तुमचा ब्रेक मात्र सुकल्यावरही पूर्वीसारखा झाला नाही आणि गाडी डावीकडे ओढत राहिली. म्हणजे उजव्या बाजूचा ब्रेक कमी लागत होता. तेलकट ओघळ उजव्याच चाकाला आहे.

तो ओघळ कशाचा आहे ते घरीच कळेल. बोटावर थोडं घ्या. गिअर ऑइल दाट असतं, काळपट असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ आणि बुळबुळीत असतं, रंगावर सांडलं तर रंग उठतो. तरीही शंका राहिली तर भांडंभर पाण्यात एक थेंब सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. (हात आणि भांडं नंतर साबणाने स्वच्छ धुवा.)

ब्रेक ऑइल निघालं तर व्हील सिलेंडर (ड्रमच्या आत लायनर दाबणारा छोटा सिलेंडर) गळतो आहे. त्याच्या टोकाचं रबरी बूट हलकेच उचलून आत ओल आहे का पाहा. पण माझा कौल गिअर ऑइलला आहे. मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचं, म्हणजे गिअर ऑइल असलेल्या कवचाचं, ऑइल सील गळलं की ते थेट ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजवतं. भिजलेला लायनर पुसून किंवा घासून परत बसवू नये, जोडीने दोन्ही बाजूंचे बदलावेत. हँडब्रेक याच ड्रमवर चालत असेल, तर तोही अर्धा गेला आहे असं समजा.

एवढ्यावर थांबलात तर सहा महिन्यांनी तेच सील पुन्हा गळेल. हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या जुन्या गाडीचं मागचं सील मी तीनदा बदललं. प्रत्येक वेळी सील हलक्या दर्जाचं निघालं अशी माझी समजूत होती. चौथ्या वेळी डिफरन्शियलच्या (त्याच हाउसिंगमधल्या मधल्या फुगीर गिअरच्या भागाच्या) डोक्यावरची बोटभर लांबीची ब्रीदरची, म्हणजे आतली हवा ये-जा करायची, नळी काढून फुंकली, तर गाल दुखेपर्यंत फुंकूनही हवा जाईना. तारेने कोरलं तेव्हा वाळलेल्या मातीचा गोळा बाहेर पडला, कुंभारीण माशीच्या घरट्याचा. चालून चालून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती तेलाला सीलमधून ढकलते. तीच तापलेली हाउसिंग गार ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चिखलातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर बुजणं अगदी नेहमीचं आहे आणि तो तपासला जाणं दुर्मिळ. लांब नळी लावून तो वर बॉडीपर्यंत नेता येतो. तुम्ही ओढे ओलांडता, तर ते जरूर करा. डिफरन्शियलमधलं ऑइलही पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे.

आता तिसरी घटना. तिच्यात सर्वाधिक धोका आहे. सपाट रस्ता, वेग कमी, तरी पेडल वर येऊन कडक होतं, गाडी जड ओढते आणि करपट वास येतो. म्हणजे पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नव्हता. मास्टर सिलेंडरच्या आत, डबीतून ऑइल येतं तिथे एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडलं की आतला वॉशर त्या छिद्राच्या मागे सरकतो आणि तापून फुगलेलं ऑइल छिद्रातून डबीत परत जातं. बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची) पुशरॉड, म्हणजे मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी, किंचितही लांब असेल तर वॉशर पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलंच राहतं. मग थोडं तापलेलं ऑइल फुगतं, पॅड डिस्कवर दाबले जातात, त्याने उष्णता आणखी वाढते आणि ऑइल आणखी फुगतं. असं करत शेवटी ऑइल उकळतं आणि वर आलेलं पेडल खाली जातं. पुशरॉड आणि मास्टर सिलेंडरच्या पिस्टनमधली ही मोकळीक बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या आतली असते. नवा सिलेंडर मूळ मापाचा नसेल, किंवा बसवताना माप घेतलं नसेल, तर एवढ्याशा फरकाने हे होतं. दुसरा सिलेंडर बसवल्यानंतरच ही नवी तक्रार सुरू झाली, हे विसरू नका.

छिद्र उघडं आहे की नाही ते डोळ्यांनी पाहता येतं. इंजिन बंद ठेवा, डबीचं झाकण काढा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि टॉर्च धरा. दुसऱ्या माणसाला पेडल अगदी हलकं, दोन बोटं खाली जाईल एवढंच दाबायला सांगा. पेडल हलताक्षणी डबीच्या तळाशी ऑइलचं एक छोटंसं कारंजं उसळलेलं दिसायला हवं. दोन कप्पे असतील तर एकात ते जास्त स्पष्ट दिसतं. गाडी थंड असताना आणि नंतर ब्रेक ओढायला लागल्यावर, अशा दोन्ही वेळी पाहा. कारंजं उठलंच नाही तर छिद्र झाकलेलं आहे.

ब्रेक अडकलेला असतानाची खूण याहून खात्रीची आहे, पण ती गॅरेजच्या आवारातच घ्या. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, स्टँडवर उचलून पुढचं चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर मेकॅनिकला मास्टर सिलेंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट थोडे सैल करायला सांगा. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे. नाही सुटलं तर मास्टर सिलेंडरपाशी पाइपचा नट किंचित सोडा. तिथे दाब सुटून चाक मोकळं झालं तर दोष मास्टरमध्येच आहे. तिथे काही फरक पडला नाही, पण कॅलिपरचा निप्पल उघडल्यावर चाक सुटलं, तर मधला रबरी होज आतून सुजला आहे. तो ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. आणि निप्पल उघडूनही चाक जाम राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकती पिन गंजली आहे. या कामाला पंधरा मिनिटं लागतात, नवा पार्ट लागत नाही. दोन्ही पुढची चाकं अडकत असतील तर मास्टर किंवा पुशरॉड, आणि एकच अडकत असेल तर होज किंवा कॅलिपर, हे ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

मास्टर सिलेंडरवर अन्याय नको, म्हणून त्याचीही तपासणी सांगतो. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने मिनिटभर दाबून धरा. ते पायाखालून हळूहळू सरकत खाली गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर आतले वॉशर दाब धरत नाहीत. डबीतलं ऑइल कमी होत असेल आणि चाकांपाशी ओल नसेल, तर सिलेंडर बूस्टरपासून वेगळा करून त्याची मागची बाजू पाहा. तिथून गळणारं ऑइल बूस्टरच्या पोटात जमतं आणि बाहेरून अजिबात दिसत नाही.

तुमच्यासारखी गाडी उचललेल्या इतर वाचकांसाठीही दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. टायर २८ इंचांवरून ३१ इंचांवर गेला तर तेवढ्याच थांबण्यासाठी ब्रेकला सुमारे ११ टक्के जास्त जोर लावावा लागतो. गाडी उचलल्यावर होज ताणले जातात. चाक पूर्ण खाली लोंबत असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून ते पाहायला हवेत. अनेक जुन्या फोर बाय फोरमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. तो गाडीवरचा भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. सस्पेन्शन उचललं आणि दांडी जुन्याच मापाची राहिली, तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते आणि पाच माणसं बसली तरी मागचे ब्रेक कमी लागतात. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो आणि ते लवकर तापतात. तुमच्या घाटातल्या प्रसंगात याचाही हात असू शकतो.

एखाद्याचं पेडल खडबडीत रस्त्यानंतर पहिल्या दाबाला खाली जातं आणि दुसऱ्या दाबाला नीट लागतं, गुळगुळीत रस्त्यावर मात्र कधीच तसं होत नाही, तर त्याने आधी व्हील बेअरिंगची ढिलाई पाहावी. डिस्क डगमगते आणि पिस्टनला मागे ढकलते. कितीही वेळा हवा काढली तरी पेडल स्पंजसारखं लागत असेल तर कॅलिपरचा निप्पल वरच्या अंगाला आहे ना, हे तपासा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निप्पल खाली येतो आणि हवेचा बुडबुडा वरच राहतो.

मेकॅनिकवर तुमचा राग आहे, तो पत्रातून जाणवला. त्याच्या जागी थोडा उभा राहून पाहतो. त्याच्याकडे दर वेळी थंड झालेली गाडी आली आणि सोबत 'ब्रेक फेल झाला' एवढे तीन शब्द. थंड गाडीत उकळलेलं ऑइल दिसत नाही, अडकलेलं चाकही सुटलेलं असतं. मग हात नेहमीच्या संशयिताकडे जातो. या वेळी गाडीसोबत एक कागद द्या. पेडल मऊ होतं की कडक, पहिल्या दाबाला आणि दुसऱ्या दाबाला काय झालं, किती अंतर चालल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, किती भार होता, कोणत्या बाजूला ओढलं, वास कोणत्या चाकाकडून आला, डबीतली पातळी किती होती. एकही नट उघडण्याआधी हे त्याच्याशी बोला. काढलेले सुटे भाग परत मागून घ्या आणि पुशरॉडची मोकळीक मोजताना समोर उभ्या राहा. त्याने मोजायला कां-कूं केली, तर मात्र गॅरेज बदला.

दुरुस्तीनंतरची चाचणीही गाडी तापवून घ्यायची. मोकळ्या सपाट जागेत आधी ताशी २० किलोमीटरने, मग हळूहळू वेग वाढवत. वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावर उतरून चारही चाकांजवळ हात न्या. स्पर्श करू नका, भाजेल. एक चाक त्याच ॲक्सलवरच्या जोडीदारापेक्षा बरंच जास्त तापलेलं असेल तर काम अजून बाकी आहे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तुमच्याकडे तर लो रेंज (फोर बाय फोरचे आणखी खालचे गिअर) आहे, अवघड उताराला ती वापरा. तरीही कधी पेडल गेलंच, तर भराभर पंप मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा, आणि इंजिन बंद करू नका. काही फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो, जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये होता तसा. तो चालत्या गाडीत झटक्याने ओढला तर सगळ्या शाफ्टला हिसका बसतो. तुमचा कुठे आहे ते आजच वाकून पाहून ठेवा.

राहिलं दादांचं म्हणणं. त्यांना तुमची काळजी आहे, आणि तीन वेळा असं घडल्यावर ती रास्त आहे. पण विकायचा निर्णय ब्रेकच्या भीतीने आज घेऊ नका. आज विकलीत तर हा दोष दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल, आणि तुम्ही न सांगता विकणाऱ्यांतल्या नाही, हे पत्रावरून कळतं. वर लिहिलेल्यात असं काही नाही की जे या वयाच्या गाडीत नीट होणार नाही. गाडी खरंच मोडीत काढण्याची वेळ आली आहे का, ते मी दुसरीकडे पाहीन. चासीवरून जाणारे लोखंडी ब्रेक पाइप ओल्या फडक्याने पुसा. पाइप गंजून खड्डे पडलेले असतील तर ते सगळे बदला. सस्पेन्शन आणि ॲक्सल जिथे चासीला धरलेत तिथला पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल, तर दादांचं ऐका. तिथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. पत्रा शाबूत असेल, तर दुरुस्तीनंतरच्या चाचणीला दादांना सोबत बोलवा आणि चाकांजवळ हात त्यांनाच नेऊन पाहू द्या.

सुरुवात ब्रीदरपासून करा, त्याला पान्याशिवाय फारसं काही लागत नाही. नळीतून काय निघालं आणि पुढचं चाक कोणता नट सोडल्यावर मोकळं झालं, ते मला कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.